पुस्तकावर नाव कुणाचं

६ जुलै, रविवार, राजकोट

कारखान्यातला दीपंकरदादा म्हणाला, लिवायला शिकायचं असंल तर रोज लिव. काय केलंस तेवढंच लिव, काय वाटलं ते नको. वाक्य लहान ठेव. एका वाक्यात एकच काम.

म्हणून ही वही. नववीत शाळा सोडली त्यानंतर एवढं सलग आजच लिहितोय. बोटं दुखायला लागली.

काय केलं: कपडे धुतले. डाळ-भात केला. बेळगावात अनगोळला आईला फोन केला. आईनं विचारलं, "आता तुला काय म्हनत्यात तिथं?" मी म्हटलं, "डॉक्युमेंटेशन असिस्टंट." मग म्हणाली, "म्हंजे पाती बसवायचं काम गेलं?"

म्हटलं, गेलं न्हाय गं, बदललं. आता मी मशीन खोलतो, दादा फोटो काढतो आणि मशीनसोबत द्यायचं पुस्तक लिहितो. फोटोत हात माझे असतात.

"नुसतं हातच व्हय? त्वांड न्हाय?" आई लई हसली.

काय वाटलं ते लिहायचं नाही म्हणतो. मग वहीत राहतंय काय? कंटाळा आलाय. हे लिहिलं.

१५ जुलै

आमचा कारखाना कडबा कुट्टीची मशिनं करतो. बेळगाव, निपाणी भागात आता ती खपायला लागलीत, म्हणून पुस्तक मराठीत आणि कानडीत पाहिजे. दादा निपाणीचा. त्याची आई विड्या वळायची, तो बेळगावात राहून इंजिनिअर झाला. मला दोन्ही भाषा बोलता येतात आणि मशीन हाताखालचं आहे, म्हणून त्यानं मला जोडणी खात्यातून मागून घेतलं.

आज टपरीवर चहा पिताना विचारलं, "दादा, तुमच्या कार्डावर टेक्निकल ऑथर हाय. हितं यायच्या आधी काय हुतासा?"

"पुण्यात लागलो तवा टेक्निकल रायटर. मग इन्फर्मेशन डेव्हलपर. मग कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट. ते झालो आणि थोड्याच दिवसांत घरला बसवलं."

"मग दरवेळी काम बदललं असंल की."

"काम एकच रं. हे बटण दाबलं की काय हुतंय, ते लिवायचं. नाव बदलत गेलं, बटण तेच."

"मग नावं कशाला बदलत्यात?"

"पगार वाढवायचा नसला की नाव वाढवत्यात. सासरवाडीला सांगाय बरं पडतंय." कपातला शेवटचा घोट त्यानं ओतून टाकला. "लिवणाऱ्याला नको म्हणाय येतंय का, एवढंच बघायचं. बाकी समदं कार्ड."

हे मला काही पटलं नाही. ज्याच्याजवळ कार्ड आहे त्याला असं बोलायला काय जातंय? माझ्याकडं कार्डच नाही.

२४ जुलै

पुस्तक तयार झालं. आठ पानं. पहिल्या पानावर लाल चौकट, तिच्यात मशीनचं पात्यांचं चाक, चाकाजवळ हात, हातावर फुल्ली. खाली दादाचं वाक्य: "बटण बंद केलं तरी चाक लगेच थांबत नाही. चाक थांबलेलं डोळ्यांनी बघा. मगच हात घाला." हात माझाच आहे. दादा म्हणाला, तुझा हात आता कर्नाटकात फिरणार.

दुपारी कारखान्याच्या शेठनी दादाला केबिनमध्ये बोलावलं. काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. शेठ त्या पहिल्या पानावर बोट आपटत होते. दादा नुसता मान हलवत होता, आडवी. बाहेर आला तेव्हा कानशिलं लाल झालेली.

मी विचारलं, "पगाराचं बोललासा व्हय?"

"व्हय. तसंच समज."

२ ऑगस्ट

दादानं काम सोडलं. सकाळी टेबल मोकळं केलं, दुपारच्या गाडीनं गेला पण. दुसरीकडं मोठी नोकरी मिळाली असणार, सांगत नाही. शिकलेली माणसं अशीच, एक पाय कायम दारात.

जाताना एवढंच म्हणाला, "रवळू, पहिलं पान काढू देऊ नको."

आपण केलेल्या कामात माणसाचा जीव अडकतो. मी बसवलेली पाती कुणी परत सैल केली की मला पण असंच व्हायचं.

५ ऑगस्ट

शेठनी आज मला बोलावलं. बसा म्हणाले. केबिनमध्ये पहिल्यांदाच बसलो, खुर्ची गार होती.

"रावलभाई," म्हणाले. रवळूचं त्यांनी रावल केलंय, इकडं ते आडनाव असतंय. "दीपंकर बहुत पढ़ा-लिखा आदमी था. पढ़े-लिखे को डर ज्यादा लगता है. आज से हेड, डॉक्युमेंटेशन, तुम."

मी विचारलं, हाताखाली कोण? म्हणाले, "अभी तो तुम ही हो." पगाराचं दिवाळीनंतर बघू म्हणाले.

संध्याकाळी कार्डांची डबी हातात आली. आर. एम. धामणेकर. एक कार्ड पाकिटात घातलं, परत काढून वाचलं, परत घातलं.

आईला फोन केला. "हेड म्हंजे हेडमास्तरासारखं?"

"व्हय, तसंच."

मागून आप्पा ओरडले, "नववी नापास हेडमास्तर!" पण आवाज खुशीतला होता. मला कळतो त्यांचा.

दादाला पण मेसेज केला. त्यानं वाचला. उत्तर नाही.

११ ऑगस्ट

शेठ म्हणाले कागद महाग झालाय, आठ पानांची चार करा. कुठली काढू विचारलं तर म्हणाले, "हेड तुम हो, तुम देखो. बस, ग्राहक ने किताब खोली और पहले ही हाथ पर फुल्ली दिखी, तो अच्छा लगता है क्या?" फुल्ली हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचललाय.

दिवसभर पानं मांडून बसलो. वॉरंटीचं पान काढता येत नाही, ते वकिलाचं. सुट्या भागांचं चित्र पाहिजेच. तेलपाण्याचं आणि धार लावायचं एकत्र केलं. शेवटी लाल पान काढलं. दादाला वाईट वाटेल. पण पुढं लिहिलेलं आहेच: "चारा अडकल्यास बटण बंद करा आणि चारा ओढून काढा." बटण बंद करायचं तिथं आलंच की. एकच गोष्ट दोनदा कशाला?

पुस्तकाच्या पाठीवर खाली पद आणि नाव टाका, असं शेठच म्हणाले. मी म्हटलं, तुमचं टाकू? हात जोडून नको म्हणाले. एवढा मोठा कारखाना, पण नावाचा हव्यास नाही. आमच्याकडं गल्लीतल्या पाण्याच्या टाकीवर सुद्धा सात नावं असतात.

२८ ऑगस्ट

गणपतीला रजा मिळाली नाही. हेडला रजा नसते म्हणे.

गल्लीतल्या भरमूनं फोटो पाठवलाय. अनगोळात मंडळाच्या मांडवाला लागून माझा फ्लेक्स. "हेड पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." काळा चष्मा माझा नाही, कुणाच्या तरी तोंडावरचा काढून माझ्या तोंडावर बसवलाय. खाली शुभेच्छुक म्हणून भरमूचा फोटो माझ्यापेक्षा मोठा.

मशीन पण घरी पोचलं. कामगारांच्या दरात मिळालं, आप्पांच्या म्हशींना. भरमू सांगत होता, आप्पांनी मशीनला हार घातला, नारळ फोडला. मग मंगलनं गल्लीतल्या सगळ्यांसमोर माझं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, पत्त्यासकट, आणि मग बटण दाबलं. मंगल माझी धाकटी बहीण, बारावीपर्यंत शिकली. माझं नाव आलं तिथं लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

इथं खोलीत एकट्यानं ऐकलं. बरं वाटलं, आणि लगेच दमल्यासारखं झालं. का ते कळलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

मंगलचा फोन आलता. मशीनवर खूष आहे. आधी कोयत्यानं उसाचं वाडं तोडून तोडून तिच्या हाताला घट्टे पडलेले.

"ओलं वाडं असलं की अडकतंय बघ अण्णा. पर तू लिवलंयास तसंच करतो आमी. बटण बंद, की लगेच हात घालून वडून काढतो. पटदिशी हुतंय. आप्पा म्हनत्यात जरा थांब, मी म्हनते, थांबा म्हनून पुस्तकात कुटं लिवलंय?"

"आप्पा काय म्हणाले मग?"

"काय म्हनत्यात! हेडमास्तराचं पुस्तक, आमी काय बोलणार!"

लई हसलो दोघं. दादा म्हणायचा, आपली पुस्तकं कोणी वाचत नाही, मशीनच्या खोक्यातच मरतात. माझं तरी एक माणूस वाचतंय.

२२ सप्टेंबर

दादाचा फोन. इतक्या दिवसांनी. निपाणीच्या दुकानात आपलं मशीन बघितलं, पुस्तक उघडून बघितलं म्हणाला.

"पहिलं पान कुठं हाय रं?"

"चार पानांत बसंना."

"शेठनी काढाय लावलं?"

"मीच काढलं. हेड मी हाय."

मग म्हणाला, "रवळू, त्या एका पानासाठी मी नोकरी सोडली."

मला राग आला. म्हटलं, "नोकरी सोडलीसा का बदललीसा ते तुमचं तुमास्नी म्हाईत. माझं नाव छापलेलं बघवंना, असं सरळ म्हणा की." आणि फोन ठेवला.

आता वाटतंय, त्याचं ऐकून घ्यायला पाहिजे होतं. काय वाटलं ते लिहायचं नाही, पण लिहिलं.

२३ सप्टेंबर

आज जोडणीकडं चहाला गेलो. तपासणीला एक मशीन लावलेलं. पोरानं बटण बंद केलं. मोटारीचा आवाज गेला. चाक फिरतच होतं. फिरतच होतं. आवाज नाही, वारा नाही, लांबून बघितलं तर थांबलंय असंच वाटेल. पोरगं निवांत बाजूला उभं राहून तंबाखू मळत होतं. मी पण असाच उभा राहायचो. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, जोडणीत सगळ्यांना ते माहीतच असतं. माहीत होतं म्हणून लिहायचं असतं, हे मला सुचलंच नाही.

मग मंगलचं बोलणं आठवलं. पटदिशी हुतंय.

तिथूनच फोन लावला. वैरणीची वेळ. मंगल उचलेना. आप्पांना लावला, त्यांनी उचलला. मागं मशीन धडधडत होतं.

"आप्पा, मंगल कुटं हाय?"

"हाय की गोठ्यात. वाडं घालतीया."

"तिला सांगा, अडकलं तर लगेच हात घालू नको म्हणावं."

"आँ? ऐकू येईना बघ. थांब, अडकलंय जनू, बंद कराय लागलीया. आता बोल."

मागचा आवाज उतरला. गप्प झालं सगळं.

मी ओरडलो, "आप्पा, तिला धरा! हात धरा तिचा! पळा!"

फोन खाली पडल्याचा आवाज. म्हैस ओरडली. मग काहीच नाही. इथं सगळे काम सोडून माझ्याकडं बघायला लागले. मी नुसता आप्पा, आप्पा करत होतो.

मग मंगलचा आवाज आला, रडवेला आणि चिडलेला. "आप्पांनी येणी धरून वडलं मला! पडले मी शेणात! काय झालं काय तुमास्नी दोघांस्नी?"

"बोटं हाईत का?"

"कसली बोटं? हाईत की."

मग सांगितलं. बटण बंद झालं तरी चाक फिरत राहतंय, आवाज येत नाही, थांबलेलं बघूनच हात घालायचा. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग तू तसं लिवलं का न्हाईस?"

भिंतीला टेकून बसलो. पोरानं पाणी आणून दिलं.

२५ सप्टेंबर

शेठकडं गेलो. म्हटलं, पान परत घालायला पाहिजे, विकलेल्या मशिनांना पण पाठवायला पाहिजे. ते मोबाईलवर काहीतरी बघत होते. म्हणाले, छापलेला साठा संपू दे, मग बघू. मी म्हटलं, कुणाचा हात गेला तर?

त्यांनी मान वर केली. अजिबात चिडले नाहीत. "रावलभाई, किताब पर नाम किसका है?"

मग चहा मागवला, दोघांसाठी. मी प्यायलो. हेच सगळ्यात वाईट झालं, की मी प्यायलो.

नाव नको म्हणाले तेव्हा मी मनात त्यांच्या पाया पडलो होतो.

दादाला फोन लावला. त्यानं उचलला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "दिवाळीला येनार न्हवं? निपाणीला ये. मग बघू."

१९ ऑक्टोबर, रविवार, अनगोळ

काल आलो. फ्लेक्स अजून आहे, एक दोरी तुटून वाऱ्यानं तोंड दुमडलंय. भरमू म्हणाला, "हेडसाहेब, नवा लावू का?" म्हटलं, काढ बाबा. तो म्हणाला, "का? गेलं व्हय पद?"

मंगल चहा घेऊन आली तेव्हा मी तिच्या हाताकडंच बघत होतो. तिनं कप ठेवला आणि दोन्ही हात माझ्या तोंडापुढं धरले. "मोज एकदाचं, आनि पी च्या."

दुपारी ऑइल पेंटचा लाल डबा आणि ब्रश आणला. आपल्या मशीनच्या झाकणावर दादाचं वाक्य लिहिलं. अक्षर वाकडं आलं. आप्पा बघत होते. म्हणाले, "हे आधीच छापून का देत न्हाईत?" मी म्हटलं, "हेड ठरवतो ते." ते डबा धरून उभारले.

२४ ऑक्टोबर

बेळगावात खासबागच्या दुकानदाराकडं गेलतो. विकलेल्या मशिनांचे पत्ते मागितले. तो कशाला देतोय? कार्ड दिलं. उभा राहिला, खुर्ची दिली, पत्ते दिले. कार्डाचा हा पहिला उपयोग.

काल, आज डबा-ब्रश घेऊन एकेक घर धरतोय. लोक फराळ पुढं करतात, मशीनवर रंग लावू देतात, एकदोघांनी हाकलून पण दिलं. पुस्तकाचं विचारलं की माळ्याकडं बोट. एकानं कानडीत विचारलं, सरकारी योजनेतून आलाय का? एका म्हाताऱ्यानं म्हटलं, आमाला म्हाईत हाय रं, चाक फिरतंय ते. मग त्याची सून आतून म्हणाली, मला न्हवतं म्हाईत.

दुकानदारानं शेठना कळवलेलं दिसतंय. मेसेज आला. कंपनीची मशिनं खराब करायची बंद करा, सोमवारी हजर व्हा, नाही तर पद काढून घेण्यात येईल. कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलंय, भाषा बरी आहे. मला मात्र बसून विचार करावा लागला, पद काढून घेतलं तर माझ्याजवळचं नेमकं काय जाईल?

खांदा दुखतोय. ब्रश धुवायच्या पेट्रोलच्या वासानं जेवण जात नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार, निपाणी

सकाळच्या बसनं निपाणीला उतरलो. दादा स्टँडवर गाडी घेऊन उभा होता. बारीक झालाय. फोनवर बोललो त्याबद्दल मी काहीतरी म्हणायला लागलो तर म्हणाला, "डबा नीट धर, माझ्या शर्टवर सांडशील." मी विचारलं, आता कुठं लागलासा? म्हणाला, घरूनच थोडं थोडं लिहितो. पद काय? "अजून ठरलं न्हाय. काम सुरू हाय."

निपाणीच्या बाहेर एका वाडीत गेलो. यल्लव्वाचं घर. साठीची बाई, दारातच तांदूळ निवडत बसलेली, डाव्या हातानं. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. दोन बोटांची जागा सपाट होती. दादाला ठाऊक होतं. त्यानं मला वाटेत सांगितलं नव्हतं.

मला पायरी चढता येईना. दादानंच विचारलं, कसं झालं?

"काय न्हाय बा. अडकलं. बंद केलं. बंद केलं न्हवं, म्हनून घाटला हात."

मी पुस्तकाचं विचारलं.

"पुस्तक? ते पिशवीत हाय तसंच. कोन वाचतंय?"

म्हणजे लाल पान असतं तरी पिशवीतच राहिलं असतं. मी दादाकडं बघितलं. तो खाली बघत होता. त्यानं त्या पानासाठी नोकरी सोडली, मी ते काढून हेड झालो, आणि ही पिशवी कधी उघडलीच नव्हती. सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं मला. नाही वाटलं. मंगलनं तर उघडलंच होतं की.

यल्लव्वा माझ्या हातातल्या डब्याकडं बघत होती. "कंपनीचा व्हय रं तू? कोन हाईस तितं? सायेब?"

खिशात कार्डं होती. हात तिकडं गेला पण.

"लिवतो," म्हटलं. "मशीन कसं चालवायचं, ते लिवायचं काम हाय माझं."

मला वाटलं आता शिव्या देणार. द्यायला पाहिजे होत्या.

"मग लिव की," म्हणाली. "बघत काय उभारलाईस?"

गोठ्यात जाऊन झाकण पुसलं. मी मराठीत लिहिलं, दादानं खाली कानडीत. यल्लव्वा मागं उभारून "मोठं काढ, मोठं काढ" करत होती. तिला वाचता येत नाही. झाल्यावर सुनेला हाक मारून वाचून घेतलं. सुनेनं एकेक अक्षर लावत वाचलं, मग परत एकदा सलग वाचलं.

मला वाटलं झालं आता. ब्रश पुसायला लागलो. सून चहाला वळली, तर यल्लव्वानं तिला थांबवलं आणि कुंपणापलीकडं मान केली.

"शेजारी शामूच्यात बी तसलंच मशीन हाय. त्याची बायकू गरवार हाय, तीच घालती वैरण. आदी तिकडं जावा. च्या मागनं प्या."